सेटिंग तेच, अर्थ बदललेला: टोकियो शेअर बाजार दिवसभर बंद राहिला ते प्रकरण

स्टोरेजच्या कामात नवीन आलेली पोरं हमखास विचारतात, सर डिस्क गेली तर काय करायचं. डिस्क गेली तर फार काही करायचं नसतं, रेड आहे (म्हणजे एक डिस्क गेली तरी डेटा वाचेल अशी मांडणी), स्पेअर आहे, रिबिल्ड आपोआप सुरू होतं आणि दुसऱ्या दिवशी कुरियरने नवीन डिस्क येते, जुनी काढायची नवीन घालायची. माझी झोप उडते ती वेगळ्याच गोष्टीने. जोडीतला दुसरा कंट्रोलर, म्हणजे स्टोरेज बॉक्स चालवणारा मेंदू, जो वर्षानुवर्षं हिरवा दिवा लावून शांत बसलाय आणि ज्याच्या भरवशावर आपण सगळ्यांना सांगून ठेवलंय की काळजी करू नका, तो वेळ आल्यावर खरंच उठेल का?

ह्या प्रश्नावर एक प्रकरण आहे जे मी टीममध्ये येणाऱ्या प्रत्येकाला पहिल्या आठवड्यातच सांगतो. तोंडी सांगताना दरवेळी काहीतरी सुटतं म्हणून आज नीट लिहून काढतोय. १ ऑक्टोबर २०२०, गुरुवार, टोकियो शेअर बाजार. त्या दिवशी तिथे एकही सौदा झाला नाही. १९९९ मध्ये तिथला आरडाओरड्याचा हॉल बंद होऊन सगळं कॉम्प्युटरवर गेलं तेव्हापासून पूर्ण दिवस बाजार बंद ठेवायची ही पहिली वेळ, आणि कारण काय तर एका स्टोरेज बॉक्समधली मेमरी बिघडली. आग नाही, भूकंप नाही, हॅकर नाही. मेमरी.

आधी तिथली मांडणी सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. टोकियोच्या कॅश मार्केटची, म्हणजे शेअरच्या थेट खरेदी-विक्रीची, जी ट्रेडिंग सिस्टीम आहे तिचं नाव अॅरोहेड, फुजित्सूने बांधलेली, जानेवारी २०१० मध्ये पहिल्यांदा चालू झाली, मग २०१५ ला नवीन पिढी आली, मग नोव्हेंबर २०१९ ला आणखी एक. म्हणजे बिघाड झाला तेव्हा ही तिसरी पिढी जेमतेम अकरा महिन्यांची होती, जुनाट झालेलं यंत्र वगैरे भानगड नव्हती. ऑर्डर जुळवणारे जे मुख्य सर्व्हर होते ते सगळं काम मेमरीत करायचे आणि त्यांच्या एकापेक्षा जास्त प्रती एकाच वेळी चालू असायच्या. ते त्या दिवशीसुद्धा ठणठणीत होते हे लक्षात ठेवा.

त्यांच्या बाजूला एक शेअर्ड डिस्क होती, म्हणजे आपल्या भाषेत नॅस, नेटवर्कवरून सगळ्या सर्व्हरांना वापरता येणारं स्टोरेज, दोन नगांची जोडी, १ नंबर आणि २ नंबर. तिच्यावर सौद्यांचा डेटा नव्हता. तिच्यावर होती बाकीच्या सर्व्हरांना लागणारी सामायिक माहिती, भाव बाहेर पाठवणारी यंत्रणा तिच्यावर अवलंबून, आणि बाजारावर लक्ष ठेवणारे लोक ज्या टर्मिनलवर बसतात त्यांचं लॉगिनसुद्धा तिच्यावरच. आपल्या कुठल्याही ऑफिसात असा एक बॉक्स असतोच. मोठा डेटाबेस भारीतल्या स्टोरेजवर असतो, त्याच्यावर सगळ्यांचं लक्ष असतं, रिव्ह्यू होतात, आणि कोपऱ्यात एक नॅस असतो ज्याच्यावर स्क्रिप्टा, कॉन्फिग, युजरच्या फाइली पडलेल्या असतात आणि ज्याला कोणी क्रिटिकल म्हणत नाही. तो गेला की कळतं किती गोष्टी त्याला टेकून उभ्या होत्या.

सकाळी ७ वाजून ४ मिनिटांनी १ नंबरच्या मेमरीत बिघाड झाला. आपल्याकडे तेव्हा पहाटेचे साडेतीन वाजून गेले होते. बिघाड झाला हे कळलं लगेच, अलार्म आले, माणसं जागेवर होती, म्हणजे मॉनिटरिंगला नावं ठेवायला जागा नाही. कळल्यानंतर पुढे जे आपोआप व्हायला हवं होतं, १ नंबर बाजूला होऊन २ नंबरने काम हातात घेणं, ते झालं नाही. ८ वाजता ब्रोकरांकडून ऑर्डर घ्यायला सुरुवात होते ती नेहमीप्रमाणे झाली कारण ऑर्डर घेणारे सर्व्हर चालूच होते. ८:५० ला बँक ऑफ जपानचा टँकन, म्हणजे कंपन्यांना धंद्याबद्दल काय वाटतं त्याचा सर्व्हे, आला, ज्याची सगळा बाजार वाट बघत असतो. ८:५४ ला म्हणजे बाजार उघडायला सहा मिनिटं राहिलेली असताना टोकियोने ब्रोकर आणि अॅरोहेड ह्यांच्यामधलं नेटवर्कच तोडून टाकलं. ९:२६ ला २ नंबर हाताने जबरदस्तीने वर आणला गेला. आणि पावणेबाराच्या सुमाराला जाहीर झालं की आज दिवसभर काही होणार नाही. नागोया, साप्पोरो, फुकुओका ह्या बाजारांचे सौदेसुद्धा अॅरोहेडवरच चालतात त्यामुळे तेही बंद. ओसाकाचा फ्युचर्सचा बाजार वेगळ्या सिस्टीमवर होता, तो तेवढा चालू राहिला.

आता मुद्द्यावर येतो, २ नंबर का उठला नाही.

जोडीतला एक कंट्रोलर मेला हे दुसऱ्याला कळायचे ढोबळमानाने दोन रस्ते असतात. एक म्हणजे हार्टबीट. दोघं एकमेकांना सतत सांगत असतात मी आहे मी आहे, एकाचा आवाज बंद झाला की दुसरा थोडा वेळ थांबतो आणि मग ताबा घेतो. थांबतो कारण कधी कधी नुसती मधली वायर ढिली झालेली असते आणि अशा वेळी दोघंही मालक झाले तर एकाच डेटावर दोघं लिहायला लागतील आणि मग जे होतं त्याच्यातून वर येणं फार अवघड असतं. दुसरा रस्ता म्हणजे पॅनिक. कंट्रोलरला स्वतःलाच कळतं की माझ्यात काहीतरी न सावरणारं बिघडलंय, उदाहरणार्थ मेमरीत अशी एरर आली जी ईसीसीला (मेमरीतल्या चुका सुधारणाऱ्या सोयीला) दुरुस्त करता येत नाही, आणि चुकीचा डेटा लिहिण्यापेक्षा तो स्वतःहून थांबतो. हे चांगलंच आहे, मी तर म्हणेन की स्टोरेज बॉक्सने करण्यासारखी ती सगळ्यात प्रामाणिक गोष्ट आहे, खोटं बोलत राहण्यापेक्षा गप्प झालेलं बरं. पण मग जोडीदाराने काय करायचं हे कुठेतरी ठरवून ठेवावं लागतं. लगेच ताबा घ्यायचा, की पॅनिक झालेला रीबूट होऊन परत येतोय का ते बघायचं? दोन्हीला कारणं आहेत आणि म्हणूनच तिथे एक सेटिंग असतं, ऑन किंवा ऑफ.

टोकियोच्या बॉक्सवर हे सेटिंग ऑफ होतं.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा वाटलं की संपलं, कोणीतरी गाढवपणा केला, फेलओव्हरच, म्हणजे जोडीदाराने आपोआप ताबा घेणंच, बंद ठेवलं. पण पुढे वाचल्यावर मी खुर्चीत सरळ बसलो. मॅन्युअलमध्ये लिहिलेलं होतं की ऑन असेल तर पॅनिक झाल्या झाल्या ताबा बदलेल, आणि ऑफ असेल तर १५ सेकंदांनी बदलेल. म्हणजे ऑफचा अर्थ नको असा नव्हताच, ऑफचा अर्थ होता थोडं थांबून. जुन्या मॉडेलमध्ये वागणूकही अगदी तशीच होती. मग त्या प्रॉडक्टच्या आतली सिस्टीम २०१५ मध्ये बदलली आणि नव्या व्हर्जनमध्ये ऑफचा अर्थ झाला की पॅनिक आल्यावर आपोआप ताबा घ्यायचाच नाही. प्रॉडक्ट बदललं आणि मॅन्युअल जसंच्या तसं राहिलं. बॉक्स देणारी फुजित्सू होती पण आतलं प्रॉडक्ट दुसऱ्या कंपनीचं, त्यामुळे बनवणाऱ्याकडून फुजित्सूकडे आणि फुजित्सूकडून टोकियोकडे जो कागद आला तो सगळ्यांनी खरा धरला. २०१९ च्या नव्या पिढीत हेच बसवलं गेलं आणि अकरा महिने छान चाललं, कारण अकरा महिने पॅनिकच आला नाही.

इथे थोडा वेळ थांबून विचार करा, कारण मला ह्या सगळ्या प्रकरणातली ही सगळ्यात महत्त्वाची जागा वाटते. आपण अपग्रेड करताना काय करतो? जुन्या बॉक्सचं कॉन्फिग काढतो, नव्याचं काढतो, दोन्ही शेजारी ठेवून फरक बघतो. फरक नसेल तर खूश. इथे तुम्ही कितीही वेळा फरक बघितला असता तरी ह्या ओळीत काहीच दिसलं नसतं, इकडे ऑफ तिकडे ऑफ. ऑडिटवाला आला असता, त्याने मॅन्युअल उघडून ताडून बघितलं असतं तरी सगळं बरोबर निघालं असतं, कारण तो ज्याच्याशी ताडणार तो कागदच जुना. बदललेला होता तो शब्दाचा अर्थ, आणि तो कुठल्याच फाइलमध्ये दिसत नाही. तो दिसण्याचा एकच मार्ग होता, १ नंबरला मुद्दाम पॅनिक करायला लावून २ नंबर काय करतो ते डोळ्यांनी बघणं. नवीन पिढी चालू करताना हे बघितलं गेलं नव्हतं. घटनेनंतर सेटिंग बदललं, टेस्ट घेतली, ताबा व्यवस्थित बदलला.

आणि मेमरी बिघडणं ही काही दुर्मिळ गोष्ट आहे असंही नाही. २००९ मध्ये गूगलच्या स्वतःच्या सर्व्हरांवर केलेला एक अभ्यास आला होता, त्याच्यात वर्षभरात साधारण एक तृतीयांश मशिनींना निदान एकदा तरी दुरुस्त होणारी मेमरी एरर आलेली होती आणि १.३ टक्के मशिनींना दुरुस्त न होणारी. १.३ टक्के ऐकायला कमी वाटतं पण तुमच्याकडे दोनशे बॉक्स असतील तर वर्षाला दोन-तीन ठिकाणी हे होणार असं धरून चालावं लागतं. त्यामुळे टोकियोत मेमरी का बिघडली हा प्रश्न मला फार मोठा वाटत नाही, बिघडतात.

टेस्टबद्दल आणखी थोडं बोलतो कारण इथे आपण सगळे चुकतो आणि मीही चुकलोय. फेलओव्हर टेस्ट म्हटलं की आपण काय करतो, चेंज विंडो, म्हणजे बदलासाठी ठरवून मिळालेली वेळ, घेतो, रात्री अकराला बसतो, आणि एकतर कमांड देऊन ताबा हलवतो नाहीतर फार तर पॉवरची केबल उपटतो. कमांड देऊन हलवणं म्हणजे दोन्ही कंट्रोलर शुद्धीवर असताना एकाने दुसऱ्याच्या हातात किल्ल्या देणं, त्याच्यात बिघाडच नाहीये तर बिघाडाची टेस्ट कशी होणार. पॉवर काढणं त्यापेक्षा बरं, पण ते झालं स्वच्छ मरण, एका क्षणात सगळं गप्प, हार्टबीट बंद, जोडीदाराला कसली शंकाच राहत नाही. खरे बिघाड असे नसतात. कंट्रोलर अर्धवट जिवंत असतो, पिंगला उत्तर देतो पण रीड देत नाही, किंवा पॅनिक होऊन मेमरीचा डंप लिहीत बसतो, किंवा दर चार मिनिटांनी रीबूट होऊन पुन्हा पडतो. ह्यातल्या प्रत्येक बाबतीत कोडमधला वेगळा रस्ता चालतो आणि ज्या रस्त्यावरून तुम्ही कधी गेलाच नाहीत तो पुढे खचलेला आहे की नाही हे तुम्हाला कसं कळणार.

हे प्रकरण वाचल्यावर मी ज्यांचं काम बघतो अशा एका क्लायंटकडे हट्ट धरला की आपण पॅनिकची टेस्ट करायची. मॅनेजर नाही म्हणाले, दर तिमाहीला टेस्ट करतोच की आपण, सगळे रिपोर्ट ग्रीन आहेत. तीन महिने मागे लागलो, शेवटी दिवाळीच्या सुट्टीत एक रात्र मिळाली. व्हेंडरच्या इंजिनिअरला बसवून पहिल्या कंट्रोलरला मुद्दाम पॅनिक केलं. ताबा बदलला, स्टोरेजच्या बाजूने सगळं बरोबर झालं, मी सुटकेचा श्वास घेणार तेवढ्यात एक सर्व्हर लटकला. शोधून बघितलं तर त्याच्या दोन्ही केबली एकाच कंट्रोलरला गेलेल्या, कधीतरी रॅक हलवताना कोणीतरी घाईत लावल्या असणार, आणि सॉफ्टवेअरला दोन रस्ते दिसत होते म्हणून ते दोन मोजून खूश होतं. दोन रस्ते होतेच, दोन्ही एकाच दाराशी जाणारे. मग तिमाही टेस्टमध्ये हे कसं नाही सापडलं? कारण त्या टेस्टमध्ये दरवेळी दुसराच कंट्रोलर खाली घ्यायचे, पहिल्याला हात लावायची कोणाची हिंमत नव्हती, आणि तो सर्व्हर लोंबकळत होता तो पहिल्यावर. त्या रात्री साडेतीनला केबल बदलून घरी जाताना मला टोकियोचा तो २ नंबर आठवत होता.

बरं, परत टोकियोला. ताबा बदलला नाही हे एक झालं. पण ७:०४ ते ९:०० म्हणजे जवळजवळ दोन तास हातात होते, तरी दिवस का गेला ह्याची कारणं वेगळी आहेत आणि ती मला तितकीच गंभीर वाटतात.

बाजार व्यवस्थित थांबवायचं एक ठरलेलं बटण असतं, म्हणजे ट्रेडिंग हॉल्टची सोय. ती सोय ज्या यंत्रणेतून चालवायची तीच शेअर्ड डिस्कवर टेकलेली होती. डिस्क गेली तसं थांबवायचं हत्यारही गेलं. म्हणून ८:५४ ला नेटवर्क तोडायची वेळ आली, घरात शॉर्टसर्किट झालंय आणि स्विच काम करेना म्हणून बाहेर जाऊन खांबावरचा फ्यूज काढतात तसं. त्या क्षणी दुसरं काही हातात नव्हतं आणि मला त्यांचा तो निर्णय बरोबरच वाटतो, भाव दिसत नसताना बाजार उघडला असता तर जे झालं असतं त्याची कल्पनाही नको. पण स्टोरेजवाल्यांनी इथून काय घ्यायचं तर आपल्या रनबुकमधली (बिघाडाच्या वेळी काय काय करायचं त्या लेखी सूचनांमधली) प्रत्येक पायरी उघडून बघा की ती करायला जे लागतं ते कुठे ठेवलंय. रनबुक स्वतः कुठे आहे? बहुतेक ठिकाणी त्याच नॅसवर आहे. पासवर्डची फाइल? तिथेच. बॅकअप सर्व्हरचा कॅटलॉग? मी असाही प्रकार बघितलाय जिथे बॅकअप परत आणायच्या सॉफ्टवेअरचं लायसन्स त्याच स्टोरेजवर होतं जे बंद पडलं होतं.

दुसरं कारण ऑर्डरींचं. ८ ते ८:५४ मध्ये आलेल्या ऑर्डर अॅरोहेडच्या आत बसलेल्या होत्या. ९:२६ ला २ नंबर उठला तेव्हा तांत्रिकदृष्ट्या पुन्हा सुरू करणं शक्य होतं, पण त्यासाठी सिस्टीम रीस्टार्ट करायची म्हणजे आत बसलेल्या ऑर्डर पुसल्या जाणार, आणि इकडे ब्रोकरांच्या सिस्टीममध्ये त्या ऑर्डर गेल्या अशीच नोंद. शेकडो कंपन्या लिस्टेड असल्या तरी प्रश्न मोठा झाला असता, इथे साडेतीन हजारांच्या वर होत्या, आणि प्रत्येक ब्रोकरने आपल्या गिऱ्हाइकांच्या ऑर्डर शोधून, रद्द करून, परत विचारून नव्याने टाकायच्या. ब्रोकरांना विचारलं तर काही तयार होते आणि बरेच नव्हते. आणि अशा वेळी किती जण तयार असले की बाजार उघडायचा, आलेल्या ऑर्डरींचं काय करायचं, ह्याचे नियमच आधीपासून लिहिलेले नव्हते. म्हणून दिवस गेला. डिस्क दुरुस्त व्हायला लागले दोन तास बावीस मिनिटं आणि बाजार दुरुस्त व्हायला दुसरा दिवस उजाडला. २ ऑक्टोबरला सगळं नेहमीप्रमाणे उघडलं.

आपल्या कामात ह्याला मी असं बघतो की स्टोरेज परत आलं म्हणजे सेवा परत आली असं नसतं. डेटाबेसवाल्याला विचारायचं, तुझ्या अर्ध्या ट्रान्झॅक्शनचं काय होणार. अॅप्लिकेशनवाल्याला विचारायचं, तू पाठवलेलं आणि आम्हाला मिळालेलं ह्याचा मेळ कोण घालणार आणि किती वेळात. हे प्रश्न बिघाडाच्या सकाळी पहिल्यांदा विचारले गेले तर उत्तर मिळायला दुपार होते.

जबाबदारीबद्दलही लिहिलं पाहिजे. त्याच दिवशी दुपारी साडेचारला पत्रकार परिषद झाली, बाजाराचे अध्यक्ष कोइचिरो मियाहारा आणि माहिती तंत्रज्ञान सांभाळणारे र्‍युसुके योकोयामा समोर बसले, कुठला भाग गेला, ताबा का बदलला नाही असं तेव्हा वाटतंय, नेटवर्क का तोडलं, हे योकोयामांनी आकृती दाखवावी तसं समजावून सांगितलं. मियाहारांनी सांगितलं की बाजार चालवणारे आम्ही आहोत, जबाबदारी आमची, फुजित्सूकडून भरपाई मागायचा विचार नाही. सप्लायरच्या मॅन्युअलमध्ये चूक होती हे पुढे स्पष्ट झाल्यावरसुद्धा ३० नोव्हेंबरला मियाहारांनी राजीनामा दिला, मूळ कंपनी जपान एक्स्चेंज ग्रुपचे प्रमुख अकिरा कियोता ह्यांचा पगार चार महिन्यांसाठी निम्मा कापला गेला, आणि सरकारी नियामकाकडून सुधारणेचा आदेश आला. मला ह्या माणसांबद्दल आदर वाटतो. मी अशा मीटिंगांमध्ये बसलोय जिथे पहिला तासभर फक्त हे ठरवण्यात गेला की चूक नेटवर्कवाल्यांची की आमची की व्हेंडरची, आणि तोपर्यंत मेल बंद ते बंद.

आणि हे जपानचं आहे, आपल्याकडे असं होत नाही, असं कोणी म्हणू नये. पाच महिन्यांच्या आत आपल्या मुंबईत झालं. २४ फेब्रुवारी २०२१, बुधवार, दुसऱ्या दिवशी फ्युचर्स-ऑप्शन्सची महिन्याची एक्स्पायरी म्हणजे मुदत संपणार, आणि ११:४० ला एनएसई थांबली. तिथेही ऑर्डर जुळवणारे सर्व्हर पडले नव्हते. दोन साइट्सना जोडणाऱ्या टेलिकॉम लिंक अस्थिर झाल्या, आता लिंक गेली तरी मुख्य साइटचं सॅन स्टोरेज (वेगळ्या नेटवर्कने सर्व्हरांना जोडलेलं सामायिक स्टोरेज) चालू राहायला हवं होतं, ते राहिलं नाही, सर्व्हरांना ते दिसेनासं झालं, आणि त्याच्यामुळे क्लिअरिंगची रिस्क मॅनेजमेंट सिस्टीम गेली. ती नसताना सौदे चालू ठेवणं शक्यच नव्हतं. चेन्नईच्या डीआर साइटवर, म्हणजे आपत्तीसाठी ठेवलेल्या पर्यायी जागी, काही हललं नाही, बाजार ३:४५ ला परत उघडला आणि त्या दिवशी संध्याकाळी ५ पर्यंत चालवला. बीएसई चालू होती पण ज्यांच्या पोझिशन एनएसईवर उघड्या होत्या त्यांना तिचा काय उपयोग. माझ्या ओळखीतल्या एका ब्रोकरच्या ऑफिसात त्या दुपारी फोन खाली ठेवायला कोणाला सवड नव्हती.

दोन्ही प्रकरणं शेजारी ठेवली की अंगावर येतं ते साम्य. बिघाड लहान आणि रोजचा, मेमरी नाहीतर लिंक. त्याच्यासाठी सोय केलेली, पैसे खर्च केलेले, कागदावर बरोबर. आणि ती सोय नेमक्या त्या प्रकारच्या बिघाडात वेगळीच वागली. सेबीने मार्च २०२१ मध्ये नियम कडक केले, क्रिटिकल सिस्टीम बिघडली तर ३० मिनिटांच्या आत ती आपत्ती म्हणून जाहीर करायची आणि जाहीर केल्यापासून ४५ मिनिटांत डीआरवरून काम सुरू करायचं. ह्यातली पहिली ३० मिनिटं मला जास्त मोलाची वाटतात, कारण बिघाडाच्या वेळी सगळ्यात जास्त वेळ खातं ते आत्ता येईल, दोन मिनिटं थांबू, व्हेंडर बघतोय, असं म्हणत थांबणं. मी स्वतः असा पाऊण तास घालवलाय. घड्याळ लावून ठेवलं की निदान कोणीतरी उठून म्हणतं, वेळ संपली, आता हलवा.

आता माझ्याकडे काय बदललं ते सांगतो. आमच्याकडे फेलओव्हरशी संबंध असलेल्या प्रत्येक सेटिंगची एक शीट आहे. पूर्वी दोन कॉलम होते, सेटिंगचं नाव आणि व्हॅल्यू. आता तिसरा आहे, कुठल्या व्हर्जनवर प्रत्यक्ष बिघाड करून ही वागणूक बघितली आणि कोणी बघितली. फर्मवेअर अपग्रेड झालं की तो तिसरा कॉलम आपोआप रिकामा करायचा, व्हॅल्यू तीच असली तरी. पोरं वैतागतात, सर काहीच बदललं नाहीये, मग मी त्यांना ऑफचा किस्सा परत सांगतो. टेस्ट एकदा ह्या कंट्रोलरवर तर पुढच्या वेळी त्या कंट्रोलरवर, आणि वर्षातून एकदा तरी पॅनिक. ज्या सिस्टीमवर हे करायला परवानगी मिळत नाही तिच्यापुढे शीटमध्ये स्पष्ट लिहितो, ताबा बदलेल की नाही माहीत नाही, आणि ते वाक्य क्लायंटच्या रिपोर्टमध्ये तसंच जातं. दोन क्लायंट त्याच्यावर चिडले, पण दोघांनीही पुढच्या तिमाहीत विंडो दिली.

टोकियोनेही काम केलं. ब्रोकरांना बरोबर घेऊन, त्याच दिवशी बाजार परत उघडायचा असेल तर काय काय करायचं ह्याचे नियम मार्च २०२१ पर्यंत लिहून काढले. पुढची पिढी, अॅरोहेड ४.०, ५ नोव्हेंबर २०२४ ला चालू झाली, आणि तिच्यात बिघाडानंतर साधारण ९० मिनिटांत उभं राहायचं हे उद्दिष्ट धरलं. त्याच दिवसापासून बाजार बंद व्हायची वेळ ३ वरून साडेतीन झाली. वेळ वाढवायच्या कारणांमध्ये हेही एक होतं, की सकाळी काही बिघडलंच तर त्याच दिवशी परत उघडून लोकांना सौदे करायला थोडा जास्त वेळ मिळावा. आज टोकियोत कोणी तीन वाजून दहा मिनिटांनी शेअर विकत असेल तर ती अर्ध्या तासाची जागा ७ वाजून ४ मिनिटांनी गेलेल्या त्या मेमरीपासून सुरू झालेली आहे.